नळदुरुस्तीसाठी मिळालेली भट्टी

आमच्या इरबिद शहरात उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं. आमच्या गल्लीचा वार मंगळवार. त्या दिवशी आम्ही बायका कुणाच्या मयतालाही संध्याकाळीच जातो. सकाळी गच्चीवरच्या टाक्या भरायच्या, बादल्या भरायच्या, उरलीसुरली पातेली भरायची आणि मग पुढचा आठवडा ते पाणी जपून जपून वापरायचं.

अशाच एका मंगळवारी समोरच्या राबिहाच्या टाकीच्या बुडाशी पाईपचा सांधा निखळला. मी माझ्या गच्चीवरून बघत होते. भरलेली टाकी बघता बघता रिकामी झाली. पाणी जिन्यावरून खाली आलं, दारातून रस्त्यावर गेलं आणि उतारावरून थेट मशिदीच्या पायरीला जाऊन लागलं. राबिहाचा नवरा मुफ्लेह तेव्हा ट्रक चालवायचा आणि नेमका दूर अकाबा बंदराला गेला होता. तिने प्लंबरला फोन केला. नवल म्हणजे तो लगेच आलासुद्धा. पण दारात राबिहाची सासू, हाज करून आलेली हज्जा फिद्दा, काठी आडवी धरून उभी.

“घरात पुरुष माणूस नाही. परवा ये.”

“हज्जा, काम गच्चीवर आहे. मी घरात येणारच नाही.”

“मग गच्चीवर काय उडत जाणार आहेस?”

प्लंबर गेला तो परत फिरकला नाही. ते घर आठवडाभर माझ्या टाकीतल्या पाण्यावर जगलं, आणि हज्जा रोज मला ऐकवायची, “उम्म शाहेर, तुझ्या पाण्याला गंजाची चव आहे गं.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका संस्थेने बायकांसाठी नळदुरुस्तीचा फुकट वर्ग काढला. कारण उघड होतं. अर्ध्या शहरातल्या सासवा दारात काठी आडवी धरून उभ्या होत्या. नळ बायकांनीच दुरुस्त केल्याशिवाय ते दुरुस्त होणार नव्हते. राबिहाने नाव घातलं. घरात रणकंदन झालं.

“आमच्या घरची सून लोकांच्या मोऱ्यांत हात घालणार?”

“आत्या, आपल्या मोरीत रोज घालतेच की.”

“ती आपली आहे.”

मुफ्लेह तसा मवाळ माणूस. आई बोलत असली की तो बाहेर जाऊन टायर तपासायचा. त्या महिन्यात त्याने टायर इतक्या वेळा तपासले की राबिहाचा वर्ग पार पडला.

तिचा हात चांगला होता. पण हे सगळं हौसेपुरतंच राहिलं असतं, जर मुफ्लेहची पाठ गेली नसती. मणक्याची चकती सरकली, शस्त्रक्रिया झाली, आणि राबिहाच्या अंगावर होतं नव्हतं ते सोनं त्या पाठीत गेलं. तो चालू फिरू लागला, पण ट्रकच्या सीटवर पुन्हा बसू शकला नाही. तेव्हा राबिहाने माझ्याकडून माझ्या दिवंगत नवऱ्याची हत्यारांची पेटी मागून नेली आणि गल्लीतली गळती एकेक करून बंद करायला लागली. बायका खूश. पुरुष घरी नसताना बोलावता येतं, बूट काढून आत येते, वर गप्पाही मारते.

अडचण पुढे आली. पाईपला आटे पाडायचं मशीन नाही, तुंबलेली लाईन मोकळी करायची लांब स्प्रिंग नाही, ड्रिल भाड्याचं. लांबलचक पाईप घेऊन मिनीबसमध्ये चढली की बसवाला पाईपचं वेगळं तिकीट मागायचा. घराखाली मुफ्लेहची टायर ठेवायची खोली रिकामीच होती. तिथे दुकान टाकायचं, मशीनं घ्यायची, पुढे जमलं तर एखादी जुनी गाडी, असं तिने ठरवलं. ठरवायला पैसे लागत नाहीत.

आधी ती बँकेत गेली. सोबत मी. काचेमागचा तरुण फार अदबीने बोलत होता.

“जामीनदार कोण, ताई? नवरा?”

“त्याची पाठ गेलीय.”

“जमीन आहे?”

“सासऱ्यांच्या नावावर.”

“मग त्यांची सही आणा.”

“ते अल्लाच्या घरी आहेत. तिकडे तुमची शाखा आहे का?”

तो तरुण हसला नाही. सरकारी पगारदार जामीनदार आणा, म्हणाला. राबिहाच्या माहेरी असा एकच माणूस, तिचा धाकटा भाऊ सुद्की. नगरपालिकेत कारकून. ऑगस्टच्या उन्हातही टाय लावणारा.

त्याच्या घरी आम्हाला बैठकीत बसवलं, कॉफी आली. राबिहाने कप समोर ठेवला आणि हात लावला नाही. आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो: मागणं मान्य कर, मगच पिईन.

“ताई,” सुद्की म्हणाला, “तुला नाही म्हणायला मला जड जातं. पण विचार कर. उद्या साहेबांनी विचारलं, बहीण काय करते, तर काय सांगू?”

“सांग, पाणी खात्यात आहे.”

“आणि कुठल्या जागेवर, असं विचारलं तर?”

“सांग, सिंकच्या खाली.”

सुद्की बराच वेळ त्या कपाकडे बघत राहिला. कॉफी पार निवली. शेवटी त्यानेच उचलून ती पिऊन टाकली. म्हणजे नाही. परत येताना गल्लीच्या वळणावर राबिहा एवढंच म्हणाली, “लहानपणी याला मी अंघोळ घालायचे. तेव्हा नाही लाज वाटली याला.”

मग आली स्पर्धा. ज्या संस्थेने वर्ग घेतला होता, तिनेच बायकांच्या धंद्यांसाठी ती भरवली. जिंकणारीला धंदा उभा करायला भांडवल. तयारी करून घ्यायला लमीस नावाची एक मुलगी राजधानीतून, अम्मानहून यायची. बारीक, उंच टाचांच्या चपला, सतत घाईत, पण मनाने चांगली. तिने राबिहाला माझ्याच बैठकीत शिकवलं.

“राबिहाताई, ‘मी तुंबलेले संडास मोकळे करते’ असं नाही म्हणायचं.”

“मग?”

“‘मी कुटुंबांना पाण्याबाबत समाधान पुरवते.’”

“संडास तुंबलेली बाई समाधान शोधत नाही गं. संडास मोकळा करणारी शोधते.”

“परीक्षकांचे संडास तुंबलेले नसतात, ताई.”

राबिहाने समाधान पाठ केलं.

स्पर्धेला मीही सोबत गेले. अम्मानच्या हॉटेलात थंडगार सभागृह होतं. आधी एका बाईने वासाच्या मेणबत्त्यांवर भाषण केलं, मग एकीने गाढविणीच्या दुधाच्या साबणावर. राबिहा मंचावर गेली आणि पाठ केलेलं सगळं साफ विसरली. मग तिने सरळ टाकीची आणि सासूच्या काठीची गोष्ट सांगितली. सभागृह हसून हसून लोटपोट झालं. एक परीक्षक बाई तर रडली. रडण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. पहिलं बक्षीस राबिहाला. दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक तिच्या हातात दिला, फोटो काढले. तो चेक मिनीबसमध्ये मावेना, म्हणून आम्ही टॅक्सी केली. घरी मुफ्लेहने तो उभा धरून, आडवा धरून पाहिला.

“बँकेच्या कुठल्या खिडकीतून आत घालायचा हा?”

पंधरवड्याने लमीस आली. चेहरा उतरलेला. चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाली, मग जास्त आहे म्हणाली. शेवटी बोलली. बक्षीस रोख मिळत नाही, वस्तूंच्या रूपाने मिळतं. आणि महिला उद्योग ह्या सदरात तीनच वस्तू बसतात: शिलाई मशीन, बेकरीची भट्टी, किंवा केस वाळवायची खुर्ची.

“पण मी नळ दुरुस्त करते,” राबिहा म्हणाली.

“हो, ताई. परीक्षकांना तेच तर फार आवडलं.”

“मग पाईपचं मशीन द्या.”

“ते महिला उद्योगात येत नाही.”

“मग पुरुष उद्योगात घाला.”

“तुम्ही पुरुष नाही, ताई.”

“आणि भट्टी बाई आहे होय?”

लमीसच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वर तीनदा लिहिलं होतं, वरच्यांनी आणखी वर विचारलं होतं, आणि सगळ्यात वरचे परदेशात सुट्टीवर होते. काहीच न घेण्यापेक्षा काहीतरी घ्या, असं ती कळवळून सांगत होती. राबिहा उठून गच्चीवर निघून गेली. मी मागोमाग गेले. ती टाकीला टेकून उभी होती. चिडली असेल असं मला वाटलं होतं, पण ती थकलेली दिसली.

“उम्म शाहेर, मी तिथे खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. केक करते म्हणाले असते.”

“तू केलेला केक कुणी खाल्लाय?”

तिला हसू आलं. राबिहाचा स्वयंपाक हा आमच्या गल्लीत चेष्टेचा विषय आहे. तिच्या हातच्या मक्लूबाचं पातेलं ताटात उलटं केलं की भाताचा डोंगर उभा राहत नाही, त्याचा रस्ता होतो.

तीनातली भट्टी निवडली ती मुफ्लेहने. त्याचं म्हणणं, तिच्यात लोखंड सगळ्यात जास्त. विकायला गेलं तर वजनावर जाईल. भट्टी आली. दोन मजली, गॅसवर चालणारी, टायरच्या खोलीत जेमतेम शिरली. ती आत गेल्यावर दुकानासाठी म्हणून राखलेली जागा संपली. मग लमीसने बाकीचं सांगितलं: दोन वर्षं विकता येणार नाही, आणि चालू आहे की नाही ते बघायला लोक येतील.

राबिहाने गॅसची नळी स्वतः जोडली, गळती तपासली आणि भट्टीवर चादर टाकून ठेवली. महिनाभर तिच्यावर नळाचे पाने आणि पाईपचे एल्बो पडून होते.

रमजानचे शेवटचे दिवस आले. ईदच्या आधी घरोघर मअमूल होतात. रवा, तूप, आत खजूर, लाकडी साच्यात ठोकून काढायचे. भाजायला परात कोपऱ्यावरच्या बेकरीत पाठवायची. तिथे इतकी गर्दी की आपले मअमूल जातात आणि दुसऱ्याचे करपलेले परत येतात. त्या वर्षी हज्जा फिद्दाच्या परातीत भलत्याच कुणाचे तरी आले, आत खजुराऐवजी अक्रोड. हज्जाने त्यातला एक चाखला, थुंकला, आणि काठी टेकत खाली टायरच्या खोलीत गेली. चादर ओढून काढली. पाने जमिनीवर खणखणले.

“हे पेटव,” ती सुनेला म्हणाली.

“आत्या, हे संस्थेचं...”

“संस्था माझे मअमूल भाजून देणार आहे का? पेटव.”

दुपारपर्यंत गल्लीला वास गेला. संध्याकाळी दारात पराती घेऊन बायकांची रांग. हज्जाने खुर्ची मागवली, दारात बसली, आणि प्रत्येक परातीमागे पैसे घेऊ लागली. आम्ही शेजारी म्हणून कमी घेईल असं मला वाटलं होतं. माझ्याकडून तिने पाण्याच्या गंजाचे म्हणून जास्त घेतले असावेत. ईद झाली तरी रांग थांबेना. साखरपुडे, बारशी, हाजहून परतलेले लोक, निकाल लागलेली पोरं, निमित्तांना तोटा नाही. हज्जा आता स्वतः मअमूल करून विकू लागली. तिचा हात मात्र खरंच गोड. आयुष्यभर तोंडच पुढे असल्यामुळे हाताकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

पैसे तुपाच्या रिकाम्या डब्यात जमा होत होते आणि तो डबा हज्जाच्या गादीखाली. एके दिवशी राबिहाने धीर केला. मी तिथेच खजूर निवडत बसले होते.

“आत्या, आटे पाडायचं मशीन घ्यायचंय. डब्यातले द्याल?”

“भट्टी कुणाची?”

“माझी. बक्षीस मला मिळालंय.”

“गोष्ट कुणाच्या काठीची सांगून मिळालंय?”

मीच राबिहाला कधीतरी हज्जाला ते सांगू नको म्हटलं होतं; म्हातारीला ते कळलं कुठून देव जाणे. हज्जाने खजुरातली बी काढून माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“देते. पण माझ्या अटी. शुक्रवारी काम नाही. अंधार पडला की घरी. आणि अनोळखी घरी एकटीने जायचं नाही.”

“मग कुणाबरोबर जाऊ? मुफ्लेहला तर जिना चढवत नाही.”

“माझ्याबरोबर.”

बँकेच्या अटी परवडल्या असत्या, असं राबिहा मला नंतर म्हणाली. पण मशीन आलं. मागोमाग लांब स्प्रिंगही आली. आणि त्या दिवसापासून राबिहा कुठेही नवीन कामाला गेली की पुढे हज्जा काठी टेकत चाललेली. सून सिंकखाली आडवी, आणि सासू बैठकीत कॉफी पीत घरच्या बाईची उलटतपासणी घेतेय: माहेर कुठलं, आजा कोण, ह्या नळाला इतके दिवस गळू का दिलं? काम झालं की पैसे हज्जा सांगायची. तिच्यापुढे घासाघीस करायची छाती कुणाची नव्हती. राबिहा एकटी असताना निम्म्या बायका ‘पुढच्या वेळी देते गं’ म्हणायच्या. ते बंद झालं.

हिवाळ्यात लमीसचा फोन आला. देणगीदारांची पाहुणी येतेय, भट्टी बघायला. राबिहा तेव्हा एका तुंबलेल्या गटारापाशी होती. धावत घरी आली, हातपाय धुतले, हज्जाने तिच्या गळ्यात पीठ लागलेला एप्रन अडकवला. खोलीच्या कोपऱ्यात आटे पाडायचं मशीन होतं. त्याच्यावर घाईने पलंगपोस टाकला आणि वर मअमूलच्या दोन पराती ठेवल्या.

पाहुणी उंच, पांढऱ्या केसांची, हसरी. तिने लमीसमार्फत विचारलं, ह्या भट्टीने तुमचं आयुष्य कसं बदललं?

राबिहाने तोंड उघडलं, पण हज्जा आधी बोलली. “सांग तिला, आधी माझी सून दिवसभर घराबाहेर असायची. आता मीही असते.”

लमीसने काय भाषांतर केलं कोण जाणे, पाहुणीने हात छातीशी नेला. फोटो काढायचे ठरले. राबिहाच्या हातात परात दिली, आणि ती परात उचलली तेव्हा पलंगपोस घसरला. मशीनचं लोखंडी तोंड चांगलं हातभर बाहेर आलं. राबिहाने नजर खाली घातली. भट्टीच्या पैशावर नळांचा धंदा चाललाय हे कळलं तर दंड म्हणून भट्टी परत नेतील हे आम्हाला ठाऊक होतं.

लमीस सगळ्यात जवळ होती. तिने मशीनकडे पाहिलं, राबिहाकडे पाहिलं, आणि बोलता बोलता सहज वाकून पलंगपोस पुन्हा नीट ओढून घेतला. पाहुणीला म्हणाली, “ह्या बाजूने उजेड जास्त चांगला आहे.”

जाताना ती दारात राबिहाला हळूच म्हणाली, “ताई, मशीन चांगलं आहे?”

“फार चांगलं आहे.”

“मग झालं,” म्हणाली आणि उंच टाचांवर गाडीकडे पळाली.

तो फोटो गाजला. कुठल्याशा पत्रकावर छापला गेला, मग वर्तमानपत्रात आला: परात धरलेली राबिहा, खाली मजकूर, की ह्या बाईने पारंपरिक पाककलेतून संसार सावरला. मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, “आयुष्यात एक अंडं धड उकडता आलं नाही मला.” पेपर तिने घडी करून ठेवला नाही, फाडलाही नाही. त्यावर पाईपचे तुकडे मांडले.

पण सुद्कीने तो पेपर वाचला. त्याच्या कचेरीत सगळ्यांनी वाचला. शुक्रवारी तो टाय लावून, बायकोला घेऊन आला, दोन किलो मअमूल घेतले, पैसे द्यायला लागला तर हज्जाने घेतलेसुद्धा. कॉफी झाल्यावर घसा साफ करून म्हणाला, “ताई, धंदा वाढवायचा असला तर बँकेचं बघ. बेकरीसाठी सही लागली तर मी आहे.”

राबिहाने त्याच्या चेहऱ्याकडे शांतपणे बघितलं. मला वाटलं, आता हिचा तोल जातो. पण ती म्हणाली, “बेकरीला एक गाडी हवी होती रे. माल पोचवायला.”

“मग घे ना! त्यात लाजायचं काय?”

काचेमागचा तोच अदबशीर तरुण. भावाची सही झाली, कर्ज झालं, जुनी पांढरी व्हॅन आली. सुद्कीनेच नगरपालिकेतून बेकरीचा परवाना काढून दिला आणि ओळखीच्या रंगाऱ्याकडून व्हॅनच्या दोन्ही बाजूंना सोनेरी अक्षरांत रंगवून घेतलं: हज्जा फिद्दाचे मअमूल. आत मात्र छतापर्यंत पाईप, नळ, कमोडच्या टाक्या, आणि दरवाज्याला बांधलेली ती लांब स्प्रिंग. वर्गातल्या दोन बायका आता राबिहाच्या हाताखाली काम करतात. नळाच्या धंद्याची पाटी कुठेही नाही. परवाना बेकरीचा आहे, आणि सुद्कीला समोरासमोर सांगायची घाई कुणालाच नाही. त्याला माहीत नाही असं मला वाटत नाही. गेल्या महिन्यात त्याच्याकडचा गिझर फुटला तेव्हा त्याने बहिणीला फोन करून एवढंच सांगितलं, की ताई, थोडे मअमूल घेऊन ये, आणि येताना पाना आण.

एकदा मी तिला विचारलं, सगळं श्रेय बिस्किटांना जातं, वाईट वाटतं का? ती तेव्हा माझ्याच सिंकखाली होती, फक्त पाय बाहेर दिसत होते.

“वाटतं,” ती आतून म्हणाली. “फोटो छापायचाच होता तर हा छापायचा होता.” मग थोडा वेळ नुसता पाना फिरल्याचा आवाज. “पण काम माझंच आहे ना? जरा टॉर्च इकडे धर.”

मी टॉर्च धरला. बाहेर रस्त्यावर व्हॅनच्या पुढच्या सीटवर हज्जा बसली होती. कुणीतरी बाई खिडकीशी येऊन मअमूलचा भाव विचारत होती, आणि हज्जा तिला विचारत होती, की तुझ्या न्हाणीघरातला नळ गळतो का गं, आणि गळत असेल तर घरात पुरुष किती वाजता नसतो?